परसातला मोठा वृक्ष उतरवताना

तापी आणि पूर्णा यांचा संगम ज्या तालुक्यात चांगदेव येथे होतो, त्या मुक्ताईनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या एदलाबादच्या, परिसरात घराच्या आवारातील मोठ्या झाडाचा विचार ऊन आणि माती यांना वगळून करता येत नाही. जळगाव जिल्ह्याच्या या पूर्व भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीस अंश सेल्सियसच्या आसपास जातो आणि पश्चिमेच्या भिंतीवर दुपारभर पडणारे ऊन एखाद्या पसरट झाडाने अडवले, तर त्या घराचा उन्हाळा शेजारच्या उघड्या घरापेक्षा निराळा असतो. माती मात्र खोल, काळी आणि चिकण असल्यामुळे ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून तिला हात घालता येईल एवढ्या भेगा पडतात. अशा मातीत वाढलेले झाड तिच्यातील पाणी सतत शोषून घेत असते आणि त्यामुळे शेजारच्या घराच्या पायाशी त्याचे असे नाते जडते, की झाड काढून टाकल्यावरही ते लगेच संपत नाही. मोठे झाड काढणे ही एका दिवसाची तोडणी समजली जाते. वास्तविक ती आधीची तपासणी, प्रत्यक्ष तोडणी आणि नंतर काही पावसाळे चालणारी देखरेख मिळून पुरी होते, आणि यांपैकी पहिला व शेवटचा भाग बहुतेक ठिकाणी गाळला जातो.

परसातले झाड सहसा त्याच्या स्वभावामुळे नकोसे होत नाही. रोप लावताना ते पुढे किती उंच व किती रुंद होईल याचा अंदाज घेतलेला नसतो, आणि पुढची अडचण तिथूनच सुरू होते. कडुनिंबाचे रोप बहुधा पाखरांच्या विष्ठेतून आपोआप उगवते, कुंपणाच्या कडेला असल्यामुळे कोणी उपटत नाही, आणि वीस-पंचवीस वर्षांत त्याचा बुंधा भिंतीला भिडतो. मूळचा मादागास्करचा गुलमोहर सावलीसाठी व फुलांसाठी हौसेने लावला जातो, पण त्याची मुळे उथळ पसरतात आणि लाकूड ठिसूळ असल्याने जड फांद्या वाऱ्यात मोडतात. सुबाभळीची गोष्ट निराळी आहे. मध्य अमेरिकेकडील हे झाड मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळीकांचन येथे स्थापन केलेल्या ‘बाएफ’ संस्थेच्या प्रयत्नांतून चारा, सरपण आणि पडीक जमिनीची हिरवळ यांसाठी महाराष्ट्रभर पोचले. दुष्काळी भागात त्याचा उपयोगही झाला, परंतु शेंगांतून पडणारे असंख्य बी आणि तोडल्यावर पुन्हा फुटण्याची चिवट शक्ती यांमुळे तेच झाड जगातील सर्वांत उपद्रवी शंभर आक्रमक जातींच्या यादीत जाऊन बसले आहे. परसात सुबाभूळ एकदा मोठी झाली की ती काढण्याचे काम कडुनिंबापेक्षा सोपे असते, मात्र ती पुन्हा येऊ न देण्याचे काम कितीतरी अवघड असते.

झाड काढावे की ठेवावे, याचा निर्णय भीतीवर सोपवला जातो, आणि ही भीती अगदीच निराधार नसते. खानदेशात पावसाळ्यापूर्वीच्या वादळी वाऱ्यांचा जोर किती असतो हे रावेर, यावल आणि मुक्ताईनगर या केळीच्या पट्ट्यात दरवर्षी मे-जूनमध्ये आडव्या होणाऱ्या बागांवरून दिसते. शेजारच्या वऱ्हाडात, अकोला जिल्ह्यातील पारस येथे, ९ एप्रिल २०२३ रोजी संध्याकाळी वादळी पावसात एक जुना, प्रचंड कडुनिंब मंदिराजवळच्या पत्र्याच्या शेडवर कोसळला आणि त्याखाली आसऱ्याला थांबलेल्या भाविकांपैकी सात जणांचा जीव गेला. अशा घटनेनंतर गावोगावी मोठी झाडे पाडण्याचा विचार बळावतो, हे स्वाभाविक आहे. पण मोठे झाड म्हणजे धोकादायक झाड हे समीकरण खरे नाही, आणि धोक्याच्या खुणा ओळखता आल्या तर दहांपैकी कोणते झाड काढायचे, हे बरेचसे ठरवता येते.

या खुणा पाहण्याची सुरुवात जमिनीपासून करावी. झाडाचा आधार असलेली मुळे पुष्कळ लोक समजतात तशी सरळ खोल उतरलेली नसतात. सोटमूळ लहानपणी खोल जात असले तरी मोठ्या झाडाची बहुतांश मुळे वरच्या सुमारे एक मीटर मातीत आडवी पसरतात आणि पर्णसंभाराच्या घेराच्याही पुष्कळ बाहेर जातात. शौचालयाची टाकी, पाण्याची पाइपलाइन किंवा कुंपणाची भिंत यांसाठी बुंध्याजवळून चर खणला, की एका बाजूचे हे आधार तुटतात, आणि झाड वर हिरवेगार दिसत असूनही पुढच्या एखाद्या वादळात मुळांच्या चकतीसकट उपटले जाते. बुंध्याच्या एका बाजूची माती उचललेली दिसणे, पूर्वी सरळ असलेले झाड अलीकडे कलणे, बुडाशी अळंबीसारखी कठीण भूछत्रे उगवणे, या तीन खुणांपैकी एक जरी आढळली तरी जाणकाराला बोलवावे. नेहमीच कललेले, पण शेंडा वळवून सरळ झालेले झाड त्यामानाने कमी चिंतेचे असते, कारण त्याने त्या कलाला पेलणारे लाकूड वर्षानुवर्षे घडवलेले असते.

पोकळ खोडाबद्दल तर विनाकारण घबराट आहे. झाडाचे मधले लाकूड मृतच असते; जिवंत असतो तो सालीखालचा थर आणि त्यालगतचे बाहेरचे लाकूड. त्यामुळे ढोली पडली म्हणून झाड मरत नाही, आणि नळीचा आकार मुळातच मजबूत असल्याने ते लगेच मोडतही नाही. जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील भौतिकशास्त्रज्ञ क्लाउस मॅटेक यांनी मोडलेल्या व उभ्या राहिलेल्या झाडांची मापे घेऊन असा ठोकताळा मांडला की, पोकळीभोवतीच्या निरोगी लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या साधारण एकतृतीयांशाहून कमी झाली म्हणजे मोडण्याचा धोका झपाट्याने वाढतो. साठ सेंटिमीटर व्यासाच्या खोडाला म्हणजे चहूबाजूंनी सुमारे दहा सेंटिमीटर सकस लाकूड असावे लागते. लाकडी हातोडीने खोडाभोवती ठोकत गेल्यास भरीव आणि पोकळ जागेचा आवाज वेगळा येतो, आणि नेमकी जाडी मोजायची झाल्यास बारीक गिरमिटाने भोक पाडून पाहता येते, मात्र हे भोक झाडाला नवी जखम करते, म्हणून ते गरज असेल तेव्हाच पाडावे.

आज परसात धोकादायक ठरणाऱ्या झाडांपैकी पुष्कळशी छाटणीनेच धोकादायक झालेली असतात, ही गोष्ट जितकी सांगावी तितकी थोडी आहे. विजेच्या तारांना अडते म्हणून किंवा पाला पडतो म्हणून झाडाचा शेंडा आणि मुख्य फांद्या मधोमध कापल्या जातात; त्या प्रत्येक ठोकळ्याच्या टोकाला नव्या फुटव्यांचा झुपका येतो, फुटवे भराभर वाढतात, पण ते जुन्या लाकडात खोलवर रुजलेले नसून सालीच्या बाजूला चिकटल्यासारखे असतात, आणि खाली ठोकळा सडत जातो. तीन-चार वर्षांनी तेच फुटवे जड होऊन कोसळतात. अमेरिकेच्या वनसेवेतील संशोधक अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून पाहिली आणि १९७७ मध्ये हे मांडले की झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड सडलेल्या भागाभोवती आतून भिंती उभारून त्याला कोंडते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. फांदीच्या बुडाशी जो फुगीर पट्टा दिसतो, त्याच्यात ही भिंत उभारण्याची ताकद एकवटलेली असते. म्हणून फांदी त्या पट्ट्याच्या नेमकी बाहेर कापावी. खोडाला घासून कापली तर पट्टाच जातो, आणि लांब खुंट ठेवला तर तो सडण्याची वाट मोकळी होते. अशा रीतीने दोन-तीन मोठ्या फांद्या काढून वजन कमी केल्यास झाड काढण्याचे कारणच पुष्कळदा उरत नाही.

तरीही ज्या झाडाला जावेच लागणार आहे त्याच्या बाबतीत मुक्ताईनगरसारख्या ठिकाणी सर्वांत दुर्लक्षित राहणारा प्रश्न मातीचा असतो. काळ्या मातीतील स्मेक्टाइट गटाच्या चिकण खनिजांचे थर पाणी धरून एकमेकांपासून दूर सरकतात आणि पाणी गेल्यावर पुन्हा जवळ येतात, त्यामुळे जमीन अक्षरशः वर-खाली होते. मोठे झाड घराजवळ उभे असते तोवर त्याच्या बाजूची माती कोरडी आणि आकसलेली राहते. ते तोडल्यावर पाणी शोषणारे कोणी उरत नाही, आणि माती हळूहळू ओल धरून फुगू लागते. पायाखालच्या मातीला पाऊस थेट मिळत नसल्याने ही ओल बाजूने सरकत येते व फुगणे सावकाश चालते. इंग्लंडमध्ये १९७६ च्या अवर्षणात चिकणमातीवरील असंख्य घरे खचून तडकली, तेव्हापासून झाडे आणि पाये यांचा संबंध तेथे बारकाईने अभ्यासला गेला. लंडनभोवतालच्या चिकणमातीत झाडे तोडलेल्या जागी बांधलेल्या इमारती पुढे वर्षानुवर्षे वर उचलल्या गेल्याच्या नोंदीही आहेत.

या सगळ्यातून परसाच्या मालकाला उपयोगी पडणारा प्रश्न एकच निघतो: आधी काय होते, घर की झाड? घर जुने आणि झाड नंतरचे असेल, तर माती फुगून फार तर घर बांधले त्या वेळच्या पातळीला परत जाईल, आणि धोका थोडा. झाड जुने असून त्याच्या सावलीत, आधीच कोरड्या झालेल्या मातीवर घर बांधले असेल, तर ती माती घराने कधी न पाहिलेल्या पातळीपर्यंत फुगू शकते, आणि दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा निघतात. अशा ठिकाणी झाड तोडण्याआधी भेगांवर पेन्सिलीने खूण करून तारीख घालून ठेवावी, पाया उथळ असल्यास स्थापत्य अभियंत्याला दाखवावा, आणि गच्चीचे पाणी तोडलेल्या झाडाच्या खड्ड्यात सोडण्याचा मोह टाळावा, कारण तो खड्डा पायाला पाणी पाजणारा हौद ठरतो.

परवानगीचा भाग कंटाळवाणा वाटला तरी तो टाळणे शक्य नाही. नागरी स्थानिक संस्थांच्या हद्दीत महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू होतो, आणि त्याअन्वये स्वतःच्या आवारातील, स्वतः लावलेले झाडही पूर्वपरवानगीवाचून तोडता येत नाही. तोडणे या शब्दात कायद्याने जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणे यांचाही समावेश केलेला आहे. झाड मेलेले, रोगट, वाऱ्याने पडलेले किंवा जीविताला व मालमत्तेला धोका करणारे असेल तर परवानगी मिळण्यास अडचण नसते, आणि ते तत्काळ पडण्याच्या बेतात असेल तर आधी तोडून चोवीस तासांत कळवण्याची सोयही आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना प्राचीन वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची अट घातली. नागरी हद्दीबाहेरच्या गावांतही मोकळीक नसते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन आणि सातपुड्याच्या पायथ्याला ओळख देणारा अंजन अशी झाडे आहेत, म्हणून चौकशी तहसील कार्यालयात किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी करावी. लाकूड वाहून न्यायचे असल्यास वाहतुकीचा पास लागतो की नाही हेही तेथेच कळते.

झाडाबद्दलचा हा जपून वागण्याचा विचार कायद्यांच्या पुष्कळ आधीपासून आपल्याकडे आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी रयतेची आंबा-फणसाची झाडे तोडू नयेत, कारण ती एक-दोन वर्षांत वाढत नाहीत आणि रयतेने ती लेकरांसारखी सांभाळलेली असतात, असे बजावले आहे. एखादे झाड फार जीर्ण होऊन कामातून गेलेच असेल तर मालकाला राजी करून, मोल देऊन ते न्यावे, ही सवलतही तेथेच आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तोडायच्या झाडाची आदल्या रात्री पूजा करून त्यावर वसणाऱ्या जीवांना अन्यत्र जाण्याची विनंती करण्याचा विधी येतो, आणि खानदेशात आजही वड, पिंपळ, उंबर यांना कुऱ्हाड लावण्यापूर्वी नारळ फोडला जातो. त्याच ग्रंथात घरालगतची अशुभ मानलेली झाडे तोडायची नसतील तर त्यांच्या आणि घराच्या मध्ये दुसरी शुभ झाडे लावावीत, असा पर्याय दिला आहे, आणि न तोडण्याची वाट शोधणारी ही दृष्टी शकुनांवर विश्वास नसलेल्यानेही उचलावी अशी आहे.

तोडणीला काळ चांगला तो मार्गशीर्ष ते माघ, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीचा: वारे शांत असतात, जमीन टणक असते, आणि बहुतेक पाखरांची वीण अजून सुरू झालेली नसते. घरट्यांत अंडी किंवा पिल्ले असताना झाड पाडणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणेही गुन्हा ठरू शकतो. जवळून तारा जात असतील तर महावितरणकडून वीज बंद करून घेतल्याशिवाय झाडावर कोणालाही चढू देऊ नये. ओली फांदी तारेला टेकली की ती वीज वाहून नेते.

मोकळ्या शेतात झाड एकसंध पाडता येते. ज्या बाजूला ते पडावे, त्या बाजूला खोडाच्या व्यासाच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याइतकी खोल खाच घेतात, मग मागून, खाचेच्या तळापेक्षा थोडा वर काप घालत पुढे येतात, आणि दोहोंच्या मध्ये व्यासाच्या दहाव्या हिश्श्याएवढे लाकूड न कापता ठेवतात. हे न कापलेले लाकूड बिजागरीचे काम करते: झाड कोसळताना त्याला दिशा देते. घाईत ही बिजागरी कापून टाकली की झाडावर कोणाचाही ताबा राहत नाही. पुढे जोरात कललेल्या झाडात याहून भयंकर प्रकार घडतो. मागचा काप पुरा होण्याआधीच खोड उभे फाटते आणि त्याची मागची फळी करवत धरलेल्या माणसाच्या छातीवर येते.

परसात मात्र पाडायला जागाच नसते, म्हणून झाड वरून खाली, तुकड्यातुकड्यांनी उतरवावे लागते. कमरपट्टा आणि दोन स्वतंत्र दोर बांधलेला माणूस वर चढतो, आधी बाहेरच्या बारीक फांद्या काढतो, मग जाड फांदीला दोर बांधून तो वरच्या मजबूत फाट्यावरून किंवा कप्पीवरून खाली घेतात आणि खाली उभा असलेला गडी त्याचे वेढे बुंध्याला देऊन सावकाश सोडतो. फांदी कापताना आधी खालून थोडा काप घ्यायचा आणि मग वरून, म्हणजे साल खोडापर्यंत सोलत जात नाही. ओल्या लाकडाचे वजन घनमीटरला साधारण एक टन धरले, तर अर्धा मीटर व्यासाचा आणि दोन मीटर लांबीचा ओंडका चारशे किलोच्या घरात भरतो. तो मीटरभर जरी सुटा पडून दोरावर अडला तरी दोराला त्याच्या वजनाच्या कितीतरी पट हिसका बसतो. केळीच्या गाडीला बांधायचा जुना नायलॉनचा दोर या कामाला वापरणे म्हणजे अपघाताला आमंत्रण आहे. वखारवाला लाकडाच्या मोबदल्यात फुकट तोडून देतो, हा सौदा अनेकांना सोयीचा वाटतो, पण अशा वेळी तोडणाऱ्याचे लक्ष लाकूड लवकर हाती येण्याकडे असते. भिंत, पत्रे किंवा शेजाऱ्याची गच्ची यांचे नुकसान कोण भरणार आणि मजुरांचा विमा आहे की नाही, हे कागदावर आधी लिहून घ्यावे.

काही जण तोडणी आणि परवानगी दोन्ही टाळण्यासाठी झाड गुपचूप मारण्याचे उपाय करतात: बुंध्याला भोके पाडून पारा, हिंग, आम्ल किंवा डिझेल भरणे, नाहीतर सालीचा संपूर्ण वेढा काढून टाकणे. सालीच्या आतल्या बाजूच्या अन्नवाहिन्या पानांत तयार झालेले अन्न मुळांकडे नेतात, आणि वेढा काढल्याने मुळांची उपासमार होऊन झाड महिनोन्महिने, कधी वर्षभर, झुरत मरते हे खरे आहे. पण मग घरावर उभे राहते ते वाळलेले, ठिसूळ खोड, ज्यावर चढायला कसलेला माणूसही तयार होत नाही. पारा तर मातीत आणि विहिरीच्या पाण्यात राहणारे विष आहे.

तोडल्यानंतरचा बुडखा हा कडुनिंब, सुबाभूळ आणि निलगिरी यांच्या बाबतीत खरा प्रश्न असतो, कारण मुळांत साठलेल्या अन्नावर ते पुन्हा फुटतात. घर दूर असेल तर यंत्राने खणून काढणे सोपे पडते. पायाला लागून असेल तर खणणेच पायाला इजा करते, तेव्हा बुडखा जमिनीलगत कापून, येईल तो फुटवा बोटभर असतानाच खुडत राहिल्यास साठा संपून तो दोनेक वर्षांत मरतो. कापाच्या ताज्या कडेवर तणनाशक लावण्याची पद्धत परिणामकारक आहे, परंतु ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने २०२२ मध्ये कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केलेला असल्याने ते स्वतः आणून लावू नये. बुडखा पेटवून देणे तर खानदेशच्या उन्हाळ्यात टाळावेच, कारण विस्तव वाळलेल्या मुळांतून जमिनीखाली दिवसेंदिवस धुमसत राहतो.

खड्डा भरताना काळी माती परत न टाकता मुरूम वितीवितीच्या थरांनी, पाणी शिंपून आणि धुमसून भरावा. कडुनिंबाचे लाकूड चौकटींना व अवजारांना, बाभळीचे गाडीच्या चाकांना, चिंचेचे खाटकाच्या ठोकळ्याला आणि घाण्याला पूर्वापार वापरले जाते, म्हणून सगळेच सरपणात घालण्याआधी एखाद्या सुताराला दाखवावे. बारीक फांद्यांचा चुरा नव्या रोपांभोवती आच्छादनाला उत्तम. नवी रोपे लावताना पारिजातक, कढीपत्ता, सीताफळ किंवा डाळिंब ही लहान झाडे भिंतीपासून तीन-चार मीटरवर ठेवावीत, बहाव्याला त्याहून अधिक मोकळीक द्यावी, आणि कडुनिंबासारखा वृक्ष हवाच असेल तर काळ्या मातीत तो घरापासून निदान त्याच्या पूर्ण उंचीइतक्या अंतरावर, शक्यतो पश्चिमेच्या बाजूला आणि तारांच्या रेषेबाहेर लावावा, म्हणजे दुपारचे ऊन तो अडवेल आणि मोठा झाल्यावर त्याचा शेंडा कोणाला कापावा लागणार नाही.